घोड्याचा पाय कुठे दुखतो?

विद्यार्थिमित्रांनो, लग्नाच्या वरातीत, जत्रेत किंवा समुद्राच्या वाळूवर तुम्ही घोडा पाहिला असेलच. पुन्हा कधी एखादा घोडा दुडक्या चालीने जाताना दिसला, तर त्याच्या पायांकडे पाहू नका, मानेकडे पाहा. निरोगी घोड्याची मान दुडक्या चालीत जवळजवळ एका पातळीत राहते. पुढचा एखादा पाय दुखत असेल, तर मात्र मान वरखाली होऊ लागते. दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना ती खाली येते. दुखऱ्या पायावर भार कमी पडावा, यासाठी त्याची ही धडपड असते.

मोतद्दारांना आणि पशुवैद्यांना ही खूण फार पूर्वीपासून माहीत आहे. पण या खुणेवरून फार तर पाय कोणता ते कळते. त्या पायातला कोणता सांधा, त्या सांध्यातले कोणते हाड, आणि त्या हाडाचा कोणता कोपरा दुखतो, हे मान सांगत नाही. तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, तर बोट ठेवून ‘इथे दुखते’ असे सांगता. घोड्याला ते सांगता येत नाही. शिवाय तो लंगडू लागतो तेव्हा बरेचदा आतले नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून कातडीच्या आत डोकावून पाहण्याची साधने हवीत. गंमत अशी, की या कामी पदार्थविज्ञानातले एक सोडून पाच-सहा प्रकारचे ‘डोळे’ वापरावे लागतात, कारण एका डोळ्याला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही.

एका बोटावर उभा असलेला प्राणी

आधी घोड्याचा पाय नीट समजून घेऊ. तुमचा उजवा हात टेबलावर असा धरा, की फक्त मधल्या बोटाचे टोक टेबलाला लागेल. आता कल्पना करा, की बाकीची बोटे नाहीत आणि नख वाढून बोटाच्या टोकाभोवती जाड डबीसारखे झाले आहे. झाला घोड्याचा पुढचा पाय तयार! नख म्हणजे खूर. ज्याला आपण घोड्याचा पुढचा ‘गुडघा’ म्हणतो, ते खरे तर त्याचे मनगट. आणि खुराच्या थोडे वर जो जाडसर सांधा दिसतो, तो म्हणजे आपले बोट जिथे तळहाताला जोडलेले असते तो सांधा. या लेखात त्याला आपण ‘खुरावरचा सांधा’ म्हणू. त्याच्या मागच्या बाजूला मोठ्या सुपारीएवढी दोन छोटी हाडे असतात. पायाला मागून तोलून धरणारे बळकट बंध या हाडांना जोडलेले असतात.

शर्यतीच्या घोड्याचे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम. भरधाव पळताना अशी वेळ येते, की सगळा घोडा एकाच पायावर असतो. त्या क्षणी पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येऊ शकतो. म्हणजे सव्वा टन! एका मैलाच्या शर्यतीत प्रत्येक पाय दोनशेच्या वर वेळा जमिनीवर आपटतो.

हा भार सोसायला हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. खुरावरच्या सांध्यात त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. या अस्तरात ७० ते ८० टक्के पाणी असते. उरलेला भाग म्हणजे तंतूंची जाळी आणि पाणी धरून ठेवणारे रेणू. कूर्चेच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिच्यात मज्जातंतू नसतात, म्हणून ती झिजली तरी तिथे दुखत नाही. तिच्यात रक्तवाहिन्याही नसतात, म्हणून ती एकदा झिजली की नीटशी भरून येत नाही. मुकाट्याने झिजणारे आणि परत न मिळणारे असे हे अस्तर आहे.

खालचे हाड मात्र जिवंत आणि बोलके असते. त्यात रक्त खेळते, मज्जातंतू असतात. तारेचा तुकडा एकदा वाकवला तर तुटत नाही. वीस वेळा मागेपुढे वाकवला की तुटतो. हाडाचेही तसेच आहे. पुन्हा पुन्हा भार पडला, की त्यात सूक्ष्म तडे जातात. तारेला जे जमत नाही ते हाडाला जमते: ते स्वतःची डागडुजी करते. काही पेशी तडा गेलेला भाग खरवडून काढतात आणि दुसऱ्या पेशी तिथे नवे हाड रचतात. अडचण एवढीच, की खरवडण्याचे काम काही आठवड्यांत उरकते आणि नवे हाड पक्के व्हायला काही महिने लागतात. भिंत दुरुस्त करताना गवंड्याने जुन्या विटा काढल्या आहेत, नव्या अजून बसवायच्या आहेत, आणि नेमके त्याच वेळी कोणी भिंतीला धडक द्यावी, तसे होते. या मधल्या काळात घोडा जोरात पळवला, तर हाड मोडते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात शर्यतीच्या मैदानांवर मरण पावलेल्या घोड्यांची १९९० पासून उत्तरीय तपासणी केली जाते. त्या तपासण्यांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मोडलेल्या बहुतेक हाडांमध्ये आधीपासूनच जुन्या दुखापतीच्या खुणा होत्या. पाहणाऱ्याला तो अचानक घडलेला अपघात वाटला, तरी हाडाने त्याची तयारी कितीतरी दिवस आधी सुरू केली होती.

तुम्ही विचाराल, माणसाचा पाय मोडला तर प्लास्टर घालतात, मग घोड्याला का नाही? त्याला कारण आहे. घोडा महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही; तो उभा राहणारच. एक पाय निकामी झाला, की बाकीच्या पायांवर जादा भार पडतो आणि खूर व आतले हाड यांना जोडणारा नाजूक थर सुजून सुटू लागतो. ‘बार्बारो’ नावाचा घोडा २००६ साली अमेरिकेतली प्रसिद्ध केंटकी डर्बी जिंकला. दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. उत्तम शल्यवैद्यांनी पट्ट्या आणि स्क्रू घालून तो जोडला. हाड सांधत आले. पण दुसऱ्या पायांचे खूर बिघडले, आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला वेदनारहित मरण द्यावे लागले. म्हणून घोड्याच्या बाबतीत मोडल्यावर जोडण्यापेक्षा मोडण्यापूर्वी ओळखणे हाच खरा उपचार.

क्ष-किरणांना काय दिसत नाही?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. हाडे का दिसली? क्ष-किरण शोषून घेण्याची अणूची ताकद त्याच्या अणुक्रमांकाच्या साधारण घनाप्रमाणे वाढते. पाण्यातल्या ऑक्सिजनचा अणुक्रमांक ८, हाडातल्या कॅल्शियमचा २०. म्हणजे प्रमाण अडीच पट. त्याचा घन सुमारे १६. म्हणून हाडाची सावली पडते आणि मांसाची जवळजवळ पडत नाही.

आता कूर्चेकडे या. ती मुख्यतः पाणीच. तिच्या भोवतीचा सांध्यातला वंगणासारखा द्रवही मुख्यतः पाणीच. मग क्ष-किरणांना त्या दोहोंत फरक कसा कळावा? एक प्रयोग करून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतली उष्णतारोधक काचेची कांडी गोडेतेलात बुडवा. बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो! काच आणि तेल यांचा वक्रीभवनांक जवळपास सारखा असल्यामुळे प्रकाशाला तिथे काही वेगळे आहे हे कळतच नाही. तिथे कारण वक्रीभवनाचे आणि इथे शोषणाचे, पण धडा एकच: फरक नाही, तर चित्र नाही.

म्हणून क्ष-किरणांच्या चित्रात दोन हाडांमध्ये नुसती रिकामी फट दिसते. ती फट रिकामी नसते. तिथे कूर्चा असते. फट अरुंद झाली, की कूर्चा झिजली असे पशुवैद्य ओळखतात. पण हे ओळखू येईपर्यंत बरेच काही गेलेले असते. हाडाचीही तीच कथा. हाडातली ३० ते ५० टक्के खनिजे जाईपर्यंत साध्या क्ष-किरणचित्रात फरक डोळ्यांना जाणवत नाही, असे समजले जाते. चित्र ‘स्वच्छ’ आले याचा अर्थ पाय स्वच्छ आहे असा नव्हे.

तरीसुद्धा पहिले साधन अजून तेच. यंत्र तबेल्यात नेता येते, घोडा उभाच राहतो आणि चित्र लगेच मिळते. त्याच्या जोडीला सोनोग्राफीचे यंत्र असते. त्यातल्या श्राव्यातीत ध्वनिलहरी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. स्नायुबंध आणि कूर्चेचा वरचा काठ त्यात दिसतो. पण हाडाच्या पृष्ठभागावरून ध्वनी इतका परतून जातो, की हाडाच्या आत काय आहे ते कळत नाही.

काप करून पाहणे

भाजलेल्या पावाच्या आत बेदाणे कुठे आहेत हे बाहेरून कळत नाही. पावाचे काप केले की कळते. सीटी यंत्र पाय न कापता असे काप दाखवते. क्ष-किरणांचा झोत पायाभोवती फिरवून अनेक कोनांतून मोजमापे घेतात आणि संगणक त्यांवरून एकेक काप रचतो. १९७१ साली इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र घेतले गेले. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व ॲलन कॉरमॅक यांना मिळाले. आता घोडा उभा असताना त्याच्या पायांचे काप दाखवणारी यंत्रेही आहेत.

कूर्चेची अडचण इथेही उरतेच, कारण किरण तेच. पण पशुवैद्यांनी एक युक्ती काढली. कूर्चेला रंग देता येत नसेल, तर भोवतीच्या पाण्याला द्यावा! सुईने सांध्यात आयोडीनयुक्त द्रव सोडतात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. क्ष-किरण तो भरपूर शोषतो. आता द्रव पांढराशुभ्र दिसतो, हाडही पांढरे दिसते आणि त्यांच्या मधली काळी रेघ म्हणजे कूर्चा. रेघ जिथे तुटते तिथे कूर्चेला खड्डा पडलेला असतो.

पाण्याला बोलते करणे

कूर्चेतले पाणीच आपल्या आड येत होते ना? मग त्या पाण्यालाच का विचारू नये? एमआरआय यंत्र नेमके हेच करते. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन. तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्याला योग्य वारंवारतेच्या रेडिओलहरी दिल्या, की तो त्या स्वीकारतो आणि नंतर स्वतः संदेश देतो. किती वेळात हा संदेश विरतो, यावरून ते पाणी मोकळे आहे की तंतूंच्या जाळ्यात अडकलेले, हे ओळखता येते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली अशा संदेशांपासून चित्र कसे काढावे ते दाखवले. त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

घोड्यासाठी यात एक मोठी अडचण होती. माणसाला सांगता येते, ‘हलू नका.’ घोड्याला भूल देऊन आडवे करावे लागे. आणि घोड्याला पूर्ण भूल देणे धोक्याचे असते. शंभरांत सुमारे एक घोडा त्यातून वाचत नाही. तपासणीसाठी एवढी जोखीम का घ्यावी? इंग्लंडमध्ये २००२ च्या सुमारास उभ्या घोड्याच्या पायाभोवती बसणारे उघडे चुंबक वापरात आले. त्याचे क्षेत्र सुमारे ०.२७ टेस्ला असते, इस्पितळातल्या १.५ टेस्लाच्या यंत्रांपुढे कमीच, पण पृथ्वीच्या क्षेत्राच्या पाच हजार पटींहून अधिक. या क्षेत्रात प्रोटॉनला लागणारी वारंवारता येते सुमारे ११.५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे रेडिओच्या लघुलहरींच्या पट्ट्यातलीच! तपासणीआधी घोड्याचे नाल काढतात आणि खुरात खिळ्याचा तुकडा राहिला नाही ना, हे क्ष-किरणांनी पाहून घेतात. लोखंडाचा कणही चित्र बिघडवतो.

अशा कमी क्षेत्राच्या यंत्रात मिलिमीटरभर जाडीची कूर्चा अगदी तपशिलात दिसत नाही, हे खरे. पण हाडाच्या आत मुका मार लागून पाझरलेला द्रव मात्र चमकतो. क्ष-किरणांना न दिसलेली हाडाची तक्रार इथे ऐकू येते.

रात्रीचे गाव

आतापर्यंतची बहुतेक साधने आकार दाखवतात. दिवसा टेकडीवरून गावाचे छायाचित्र घ्यावे, तसे. घरे, भिंती, रस्ते सगळे दिसते. पण कोणत्या घरात कोण जागे आहे ते कळत नाही. ते कळायला रात्री टेकडीवर जावे आणि कोणत्या खिडकीत दिवा आहे ते पाहावे. हाडाची डागडुजी कुठे चालू आहे हे पाहायचे, तर असाच दिवा हवा.

त्यासाठी हाड तयार होते तिथे जाऊन बसणारा पदार्थ घेतात आणि त्याला किरणोत्सारी अणू जोडतात. जुन्या पद्धतीत टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे. टोचल्यावर दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याने पाहिले, की डागडुजीच्या जागी ठिपका चमकतो. नवी पद्धत आहे ‘पेट’. हिच्यात फ्लोरीन-१८ वापरतात. दातांच्या पेस्टमध्ये फ्लोराइड का घालतात, हे तुम्ही वाचले असेल: दाताच्या आणि हाडाच्या खनिजात ते सहज शिरते. नवे हाड रचले जात असेल तिथे ते जास्त जाते.

फ्लोरीन-१८ च्या केंद्रकातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, बाहेर पडतो. जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाच्या जागी प्रत्येकी ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा फोटॉन परस्परविरुद्ध दिशांना सुटतात. पायाभोवतीच्या कड्यातील शोधक दोन्ही फोटॉन एकाच वेळी पकडतात. दोन टिपणस्थाने जोडणाऱ्या रेषेवरच कुठेतरी तो अणू होता! अशा लाखो रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे डागडुजी चालू आहे. फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. सहा अर्धायुष्यांत, म्हणजे ११ तासांत, त्याचा किती भाग उरेल? तुम्हीच काढून पाहा: १/६४.

घोड्याची पहिली पेट तपासणी २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयात झाली. पण त्यासाठी घोड्याला भूल द्यावी लागत होती. त्यानंतर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या काळात कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानावर ३० घोडे मरण पावले आणि देशभर गदारोळ उठला. धावपट्टी काही काळ बंद ठेवली गेली, औषधांचे नियम कडक झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे उभ्या घोड्यासाठी पेट यंत्र बसवण्यात आले. त्याचे कडे उघडून पायाभोवती घालतात. घोड्याला थोडे गुंगीचे औषध देतात, आणि तो हलला तरी पाय अडकत नाही. खुरावरच्या सांध्यामागची सुपारीएवढी हाडे आता मोडण्यापूर्वी तपासता येऊ लागली. पुढच्या काळात तिथले मृत्यू कमी झाले. त्याचे सगळे श्रेय एका यंत्राला देणे बरोबर नाही, कारण अनेक उपाय एकदम केले गेले होते.

चित्र पाहिल्यावर

मित्रांनो, चित्र मिळाले म्हणजे उत्तर मिळाले, असे मात्र समजू नका. खिडकीत दिवा दिसला; पण त्या घरात लग्नाची तयारी चालू आहे की कोणी आजारी आहे, हे दिव्यावरून कळत नाही. सराव करणाऱ्या निरोगी घोड्याच्या हाडातही नवी रचना चालू असतेच. त्यामुळेच हाड बळकट होते. कोणता ठिपका शुभ आणि कोणता अशुभ, हे ठरवायला अनेक घोड्यांची चित्रे, अनुभव आणि सावधपणा लागतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न कप शर्यतीचे उदाहरण घ्या. २०२० साली तिथे ‘अँथनी व्हॅन डाइक’ हा घोडा पाय मोडून दगावला. २०२१ पासून परदेशातून येणाऱ्या घोड्यांच्या पायांची सीटी तपासणी सक्तीची झाली. २०२४ साली ‘यान ब्रूगेल’ नावाच्या उत्तम घोड्याच्या चित्रांत पशुवैद्यांना धोका दिसला आणि त्याला शर्यतीतून वगळण्यात आले. घोड्याच्या प्रशिक्षकाला हा निर्णय मुळीच पटला नाही. घोडा ठणठणीत आहे, असे त्याचे म्हणणे होते. कोण बरोबर? घोडा पळालाच नाही, त्यामुळे ते कधीच सिद्ध होणार नाही. असे निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला शाबासकी क्वचितच येते. तरीही मला विचाराल तर शंका असताना थांबणेच योग्य. चुकीने थांबवलेल्या घोड्याची एक शर्यत जाते. चुकीने पळवलेल्या घोड्याचा प्राण जातो.

एवढी मोठी यंत्रे जगात थोड्याच ठिकाणी आहेत. आपल्या गावातल्या टांग्याच्या किंवा वरातीच्या घोड्यापर्यंत ती पोचणार नाहीत. पण पहिली तपासणी करायला यंत्र लागत नाही. दुडक्या चालीने जाणाऱ्या घोड्याची मान कोणता पाय टेकताना खाली येते, ते पाहा. ती एका पायावर खाली जात असेल, तर दुसरा पाय दुखतो आहे. मग त्याच्या मालकाला आदबीने सांगा, ‘काका, याचा पाय दुखतोय, जरा डॉक्टरांना दाखवता का?’ घोड्याला जे बोलता येत नाही, ते त्याच्या वतीने तुम्ही बोललेले असेल.